न झालेल्या मृत्यूंची मोजदाद

व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या कृष्णधवल चित्रपटात नायक प्लेगने मरतो. चीनमध्ये ज्या साथीशी तो झुंजतो, तीच अखेर त्याचा घास घेते. सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांचा खरा मृत्यू असा नव्हता. ९ डिसेंबर १९४२ रोजी, उत्तर चीनमधल्या एका खेड्यात, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय ३२ वर्षे, आणि मागे जेमतेम साडेतीन महिन्यांचा मुलगा. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा या घटनेला चार वर्षेही झालेली नव्हती. ज्या वैद्यकीय पथकातून ते १९३८ साली चीनला गेले, त्यातली इतर मंडळी मायदेशी परतली होती. त्यामुळे माहिती नव्हती म्हणून प्लेग आला, हे मला पटत नाही.

प्लेग आला, कारण तो गोष्टीला हवा होता. अपस्मार कुणालाही होतो आणि त्याचा माणसाच्या कामाशी धागा जोडता येत नाही. असा मृत्यू दुःखद असतो, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. प्लेगने मेलेला डॉक्टर मात्र कामापायी मेला. त्याचे मरण त्याच्या जगण्यावर शिक्कामोर्तब करते. शांतारामांसारख्या जाणत्या दिग्दर्शकाला हे नेमके कळत होते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या देशाला परमुलखात दुसऱ्यांसाठी प्राण देणारा आपला माणूस दाखवायचा, तर त्या प्राणार्पणात योगायोगाला जागा ठेवून चालणार नव्हते. हा बदल करण्यात त्यांनी पाप केले असे मला म्हणायचे नाही. माझी तक्रार डॉक्टरवरच्या चरित्रपटाच्या एकूण घडणीबद्दल आहे. हा प्रकार आपल्याला डॉक्टरचे मोठेपण त्याच्या मरणात शोधायची सवय लावतो. वैद्यकाचे मोठेपण असते ते जे मेले नाहीत त्यांच्यात. न मेलेला माणूस कॅमेऱ्याला दिसत नाही, तो फक्त मोजता येतो. आणि मोजण्याच्या कामाला आपण कधी नाट्याचा मान दिलेला नाही.

हे कोटणीसांपुरते नाही. १९३० आणि ४० ही दशके डॉक्टर आणि शास्त्रज्ञांवरच्या चित्रपटांची होती. हॉलिवूडमध्ये १९३६ साली लुई पाश्चरवर चित्रपट निघाला आणि पॉल मुनीला त्यासाठी ऑस्कर मिळाले. १९४० साली पॉल एर्लिखवर निघाला. त्याच वर्षी हंगेरीत आंद्रे डी टॉथ यांनी ‘सेमेलवाइस’ केला, मुख्य भूमिकेत तिवादार उराय. पुढे हेच डी टॉथ अमेरिकेत गेले आणि तिथे नावारूपाला आले. बारा वर्षांनी, १९५२ साली, फ्रिजेश बान यांनी त्याच डॉक्टरवर त्याच नावाचा दुसरा कृष्णधवल चित्रपट केला. मधल्या काळात हंगेरीत युद्ध येऊन गेले होते, होर्टींची राजवट जाऊन राकोशींची कम्युनिस्ट राजवट आली होती, जुने जवळजवळ सगळे पुसले गेले होते. इग्नात्स सेमेलवाइस हा नायक मात्र दोन्ही राजवटींना चालला. छळला गेलेला आणि मरणानंतर खरा ठरलेला देशबांधव कोणत्याही सत्तेला सोयीचा असतो, कारण त्याला छळणारे नेहमी आधीच्या काळातले आणि दुसऱ्या गावचे असतात.

सेमेलवाइसने प्रत्यक्ष केले काय? १८१८ साली बुडामध्ये जन्मलेला हा डॉक्टर १८४६ साली व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलमध्ये प्रसूती विभागात सहायक म्हणून कामाला लागला. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. कोणती बाई कुठे जाणार हे तिच्या येण्याच्या दिवसावर ठरे, कारण दोन्ही विभाग आळीपाळीने बायका दाखल करून घेत. १८४६ या एका वर्षात पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ बायका बाळंतज्वराने गेल्या. दुसऱ्यात ३,७५४ बाळंतपणांत १०५. एक इमारत, एक शहर, एकाच थरातल्या गरीब बायका. आणि मृत्यूचे प्रमाण एकीकडे शंभरात अकराच्या वर, दुसरीकडे शंभरात तीनच्या आत. शहरातल्या बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात टाकू नका म्हणून त्या हातापाया पडत. वाटेत रस्त्यावर बाळंत झालेल्या बायकाही पहिल्या विभागातल्या बायकांपेक्षा सुखरूप राहत.

सेमेलवाइसने एकेक फरक घेतला आणि तो खोडून पाहिला. गर्दी? ती दुसऱ्या विभागात जास्त होती. हवा? दोघांची एकच. बाळंत होताना कुशीवर निजवायचे की पाठीवर? तेही बदलून पाहिले. मरणाऱ्या बाईपाशी जाणारा पाद्री पहिल्या विभागातून घंटा वाजवत जाई, तिच्या भीतीने बायका खचत असतील का? त्याची वाट बदलली, घंटा थांबवली. काही फरक पडला नाही. मग मार्च १८४७ मध्ये त्याचा सहकारी याकोब कोलेच्का शवविच्छेदन करताना सुरी लागून मेला, आणि त्याच्या शरीरात सेमेलवाइसला तीच लक्षणे दिसली जी बाळंतिणींच्या प्रेतांत दिसत. विद्यार्थी सकाळी प्रेते चिरत आणि त्याच हातांनी येऊन बायका तपासत. सुइणी प्रेतांना हात लावत नसत. मे महिन्याच्या मध्यापासून त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका मेल्या होत्या, जूनमध्ये दोन. १८४८ या पूर्ण वर्षात पहिल्या विभागात ३,५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू झाले. त्या वर्षी मार्च आणि ऑगस्ट हे दोन महिने असे गेले की एकही बाई ज्वराने मेली नाही.

त्या दोन महिन्यांत जे घडले ते म्हणजे काहीच घडले नाही. बायका आल्या, बाळंत झाल्या, मुले घेऊन घरी गेल्या. जुन्या हिशेबाने त्यांतल्या कितीतरी जणी मेल्या असत्या, पण कोणत्या, ते त्यांना कळले नाही, डॉक्टरलाही नाही. वाचलेल्या रुग्णाने डॉक्टरचे पाय धरावेत असा प्रसंग इथे लिहिताच येत नाही, कारण वाचलेली कोण हेच कुणाला सांगता येत नाही. सर्जन माणूस वाचवतो तेव्हा त्या माणसाला नाव असते. रोगप्रतिबंध करणारा डॉक्टर वाचवतो तो एक आकडा असतो, आणि त्या आकड्यात आपण आहोत हे कुणालाही माहीत नसते. वैद्यकाचा सर्वांत मोठा पराक्रम हा असा निनावी आहे.

म्हणून चित्रपट दुसरीकडे वळतो. तो सेमेलवाइसचा शेवट धरतो: १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात, जखम चिघळून, वयाच्या ४७ व्या वर्षी झालेला मृत्यू. आणि तो खलनायक शोधतो. खलनायक हाताशीच असतो. सेमेलवाइसचे वरिष्ठ प्राध्यापक योहान क्लाइन, ज्यांनी त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही.

इथे माझा आक्षेप सर्वांत तीव्र आहे. क्लाइनना दुष्ट ठरवले की प्रेक्षक सुटतो. आपण दुष्ट नाही, म्हणजे आपण त्या जागी असतो तर ऐकले असते, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात सेमेलवाइसचे न ऐकणारे बहुतेक लोक हुशार, कष्टाळू आणि रुग्णांची काळजी करणारे होते. त्यांच्याकडे न ऐकण्याची कारणेही होती. हातावर नेमके काय असते हे सेमेलवाइस सांगू शकत नव्हता. जंतूंचे शास्त्र अजून यायचे होते. स्वतःचे म्हणणे त्याने वर्षानुवर्षे नीट छापले नाही, त्याचा ग्रंथ आला १८६१ साली. आला तेव्हा त्यात राग इतका होता की पुढे त्याने विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी म्हटले. आणि सर्वांत मोठे कारण वेगळेच होते. त्याचे म्हणणे मान्य करायचे म्हणजे आपल्याच हातांनी आपण किती बायका मारल्या याचा हिशेब मान्य करायचा. कीलचे प्राध्यापक गुस्टाव्ह मिखाएलिस यांनी तो मान्य केला. त्यांनी हात धुण्याची पद्धत सुरू केली, आपण तपासलेल्या आणि नंतर दगावलेल्या एका जवळच्या नातलग बाईची आठवण त्यांना सहन झाली नाही, आणि १८४८ साली त्यांनी आत्महत्या केली. सत्य मान्य करण्याची किंमत काय होती हे या एका माणसावरून कळते. सेमेलवाइसवरचा कोणताही चित्रपट मिखाएलिसला वगळून पुरा होऊ शकेल असे मला वाटत नाही. क्लाइनना खलनायक करण्यापेक्षा त्यांच्या डोक्यात शिरायला हवे. आकडे समोर असताना चांगली माणसे ते का नाकारतात, हा प्रश्न कोविडच्या काळातून गेलेल्या आपल्या पिढीला जितका जवळचा आहे तितका फार थोड्या पिढ्यांना असेल.

आपल्याकडची डॉक्टरांची स्मृतीही याच वळणाने गेली आहे. आनंदीबाई जोशी आपल्या सगळ्यांच्या मनात आहेत, आणि असाव्यातच. १८८६ साली त्या पदवी घेऊन परतल्या, कोल्हापूरच्या इस्पितळात रुजू व्हायच्या आधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने गेल्या. त्यांच्यावर कादंबरी झाली, मालिका झाली, २०१९ साली चित्रपट झाला. डॉ. रखमाबाईंची गोष्ट बघा. त्यांच्यावरही अनंत महादेवन यांनी चित्रपट केला, पण रखमाबाई म्हटले की आपल्याला आठवतो तो १८८४ ते १८८८ चा खटला. त्यानंतर त्या लंडनला शिकल्या आणि सुरत व राजकोट इथे तीसहून अधिक वर्षे बायकांची इस्पितळे चालवत राहिल्या. गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाला तरी ही वर्षे जवळची वाटावीत. त्या तीस वर्षांत किती बाळंतपणे झाली, किती मुली शिकल्या, किती मृत्यू टळले? एक मोठे जीवनकार्य आपल्या बोलण्यात एका वाक्यात संपते, कारण त्या म्हाताऱ्या होऊन, काम संपवून गेल्या. ज्या डॉक्टरला काम करायला वेळच मिळाला नाही तिची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. हा दोष आनंदीबाईंचा नाही. गोष्ट कशाला म्हणायचे याची आपली कल्पनाच तोकडी आहे.

आता बडोद्याकडे येतो, कारण हा सगळा विचार मला इथे राहूनच करावासा वाटला. भारतीय चित्रपटाच्या जनकाचा आणि प्लेगचा संबंध याच भागात जडलेला आहे. दादासाहेब फाळके सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात शिकले, तिथल्या फोटो स्टुडिओत त्यांचा हात बसला, आणि मग त्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा काढला. गोध्र्यातच प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेले. पुढे १९१३ साली ते ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन आले, ज्या कथेत आईबापांसमोर मुलाचे प्रेत येते. रोहिदासाची भूमिका त्यांच्या स्वतःच्या मुलाने, भालचंद्रने केली होती. यावर मी काही रचू इच्छित नाही. पण ज्या माणसाने आपल्याला पडदा दिला त्याच्या घरात प्लेग येऊन गेला होता, आणि पडद्यावर आपण प्लेग आणला तो मात्र चीनमधला, हे मनातून जात नाही.

कारण प्लेगची एक मोठी वैद्यकीय घटना बडोद्याच्या उशालाच घडली होती. शहराच्या वायव्येला उंडेरा आहे. आज ते रिफायनरी आणि पेट्रोकेमिकल्सच्या पट्ट्यात, वाढत्या शहराच्या कवेत आले आहे. १८९८ साली ते बडोदा संस्थानातले सहा मैलांवरचे एक खेडे होते. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला होता. वाल्डेमार हाफकिन या ओडेसात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने मुंबईत राहून त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. हा प्रसंग चित्रपटाला आवडेल असा आहे: प्रयोगशाळा, सुई, स्वतःचा दंड. पण स्वतःला टोचून घेतल्याने लस बाधत नाही एवढेच कळते. ती रोग अडवते की नाही, हे त्यातून कळत नाही. ते कळले उंडेऱ्यात.

फेब्रुवारी १८९८ मध्ये हाफकिन आणि त्याचा सहकारी डॉ. बॅनरमन तिथे गेले. त्यांनी गावाची खानेसुमारी केली, कुटुंबे एकेक करून समोर उभी केली, आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना नाही. बायका, पुरुष, मुले, धडधाकट, अशक्त, सगळ्यांत ही विभागणी दोन्ही बाजूंना सारखी राहील असे बघितले. असे का, हे समजून घेण्यासारखे आहे. तोपर्यंत लस घेणारे लोक स्वतः पुढे आलेले असत. अशी माणसे बहुधा अधिक शिकलेली, अधिक सावध, बऱ्या घरात राहणारी असतात. ती प्लेगमधून वाचली तर ते लसीमुळे की घरामुळे, हे सांगता येत नाही. पण एकाच छपराखाली, एका चुलीवर जेवणारे, एकाच ओसरीवर निजणारे, त्याच उंदरांत राहणारे दोन भाऊ घेतले, एकाला टोचले आणि दुसऱ्याला नाही, तर दोघांमध्ये फरक उरतो तो फक्त लसीचा. व्हिएन्नात दिवसांच्या आळीपाळीने जी तुलना आपोआप घडली होती ती उंडेऱ्यात विचार करून घडवली गेली.

पुढच्या आठवड्यांत प्लेग गावात फिरला. २८ कुटुंबांत तो शिरला. त्या कुटुंबांत लस न घेतलेले ६४ लोक होते. त्यांतल्या २७ जणांना गाठ आली आणि २६ जण मेले. त्याच २८ घरांत लस घेतलेले ७१ लोक होते. त्यांतल्या ८ जणांना प्लेग झाला आणि ३ मेले.

हे चार आकडे मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा मला ते कोणत्याही मृत्युशय्येच्या दृश्यापेक्षा जास्त हलवून सोडतात. थोडा हिशेब करून पाहा. लस न घेतलेल्यांच्या प्रमाणात माणसे मेली असती, तर त्या ७१ पैकी २९ च्या आसपास गेली असती. गेली ३. म्हणजे उंडेऱ्यात सव्वीसेक माणसे अशी होती जी मरणार होती आणि मेली नाहीत. कोण ती? तीच आकड्यातली निनावी माणसे. शेतावर गेली, लग्ने केली, म्हातारी झाली. त्यांची नातवंडे, पणतवंडे आज बडोद्यात कुठेतरी असतील आणि आपण त्या टोचणीमुळे जगात आहोत हे त्यांना ठाऊक नसेल.

पण हिशेब तिथे थांबत नाही, आणि तो थांबवला तर आपणही चित्रपटासारखेच सोयीचे तेवढे घेऊ. उलट बाजूनेही करून पाहा. ६४ जणांनाही लस दिली असती तर त्यांतले बहुधा तीनेक मेले असते. मेले २६. म्हणजे २३ माणसे अशी की ज्यांना वाचवणारी गोष्ट त्यांच्या अंगणात येऊन गेली होती आणि त्यांच्या घरातल्या दुसऱ्याला देऊन निघून गेली होती. लस गुणकारी आहे हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते, ते सिद्ध करण्यासाठीच हा खटाटोप होता, हे खरे. आज अशी चाचणी घेताना भाग घेणाऱ्याला सगळे समजावून त्याची संमती घ्यावी लागते, हेही खरे. आणि परकीय राज्यात, संस्थानी मुलखात, साहेब गावात आल्यावर ‘नको’ म्हणण्याची किती मोकळीक होती, हा प्रश्न टाळता येत नाही. त्याआधीच्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली घराघरांत सोजीर शिरले होते आणि २२ जून १८९७ ला चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली होती. प्लेगची सक्ती म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. उंडेऱ्यात सोजीर नव्हते, पण सत्ता होती.

मला दोन्ही गोष्टी एकत्र धरायच्या आहेत. ती चाचणी आजच्या कसोटीवर उतरत नाही, आणि तिच्यामुळे जगभर लाखो लोकांना ती लस देण्याचा आधार मिळाला. एक सांगून दुसरी लपवणे मला अप्रामाणिक वाटते. चांगला चित्रपट हे दोन्ही एका वेळी दाखवू शकतो, त्यासाठीच तर ती कला आहे.

हाफकिनच्या बाबतीत सेमेलवाइसचा धागा विलक्षण रीतीने पुढे जातो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ लोकांना प्लेगची लस टोचली गेली आणि त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे १९ एकाच बाटलीतून टोचलेले. दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनवर आला. त्याला पदावरून दूर केले गेले. पुढे बाहेर आलेली हकीकत अशी, की गावात ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला होता. न धुतलेला हात, न धुतलेला चिमटा. व्हिएन्नात ज्या चुकीविरुद्ध एक माणूस ओरडत गेला, त्याच जातीच्या चुकीने अर्ध्या शतकानंतर दुसऱ्या माणसाचे जीवन उद्ध्वस्त केले, आणि चूक दुसऱ्याची होती. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू उघड केली. त्याला पुन्हा भारतात काम मिळाले ते कलकत्त्याला. मुंबईची आपली संस्था त्याच्या हाती परत आली नाही. १९२५ साली परळच्या त्या संस्थेला त्याचे नाव दिले गेले. १९३० साली तो लोझानला वारला.

यावर कुणी म्हणेल की आकडे पडद्यावर दाखवता येत नाहीत, आणि भावनेशिवाय माणसे हलत नाहीत. सेमेलवाइसकडे आकडे होतेच की, तरी तो हरला. या आक्षेपात जोर आहे. कोटणीस आज चीनमध्ये आठवले जातात ते तक्त्यामुळे नाही. शिजियाझुआंगच्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे, आणि दोन देशांत कितीही ताण आला तरी हे नाव दोन्हीकडे आदराने घेतले जाते. शांतारामांच्या चित्रपटाने आपल्याकडे ती स्मृती जागी ठेवली. ज्या पिढीला सोलापूरच्या या तरुणाचे नाव ठाऊक झाले तिला ते पडद्यावरच्या जयश्री आणि शांतारामांमुळे ठाऊक झाले, हे मी कृतज्ञतेनेच म्हणतो.

पण भावनेला मृत्यूचाच आधार लागतो, हे मला मान्य नाही. कोटणीसांच्याच आयुष्यात बघा. त्यांनी ज्या इस्पितळाची धुरा १९४१ मध्ये घेतली ते नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन सर्जनच्या नावाचे होते. बेथ्यून १९३९ साली त्याच भागात गेले, आणि कशाने? शस्त्रक्रिया करताना बोट कापले, हातमोजे नव्हते, विष अंगात भिनले. व्हिएन्नाच्या कोलेच्काचे बोट आणि हपेइ प्रांतातल्या डोंगरातले बेथ्यूनचे बोट, यांच्यात ९२ वर्षांचे अंतर आहे आणि मृत्यू एकच. अशा ठिकाणी कोटणीस चिनी भाषा शिकले, तीत व्याख्याने देऊ लागले, खेड्यातल्या पोरांना शस्त्रक्रिया शिकवू लागले, त्यांच्यासाठी शल्यक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहायला बसले. ज्या इस्पितळाला हातमोज्यांअभावी गेलेल्या सर्जनचे नाव होते, तिथला प्रमुख आपल्या विद्यार्थ्यांना हात कसे धुवायचे हे शिकवत असेल, तेव्हा त्या वर्गात नाट्य नव्हते असे कोण म्हणेल? हा खरा कोटणीस प्लेगने मरणाऱ्या कोटणीसांपेक्षा लहान नाही. त्याच्या विद्यार्थ्यांनी पुढे किती जखमी वाचवले हा त्याचा अमरपणा आहे. त्यात अपस्माराची अडचण होत नाही, कारण त्या कथेचा अर्थ शेवटच्या दिवसावर टांगलेला नाही.

उंडेऱ्यावर चित्रपट करायचा तर तो कृष्णधवलच असावा असे मला वाटते. त्यात हाफकिन असेल, पण नायक म्हणून नाही. एक घर असेल, त्या २८ पैकी. खानेसुमारी होईल, रांग लागेल, आईला टोचतील आणि मुलाला नाही, किंवा मुलाला टोचतील आणि आईला नाही. त्या क्षणी यातला कोणता निर्णय बरा, हे त्या घराला माहीत नाही. टोचलेल्याला ताप येईल, दंड सुजेल, आणि न टोचलेला सुटलो म्हणेल. मग उंदीर पडू लागतील. प्रेक्षकाला मोजावे लागेल, कारण घरातले लोकही मोजत असतील. शेवटी एक समिती येईल, वही उघडेल, आणि घरच्या माणसाला विचारेल: यात टोचलेले किती आणि न टोचलेले किती?

त्या माणसाला मग सांगायचे की नाही? तुझ्या घरातल्या त्या मरणामुळे पुढे लाखो लोकांना ही लस मिळणार आहे, आणि हेही की तुझा माणूस वाचू शकला असता. सेमेलवाइसला व्हिएन्नाच्या प्राध्यापकांना जे सांगता आले नाही, ते इथे डॉक्टरने एका शेतकऱ्याला त्याच्या ओसरीवर बसून सांगायचे आहे. हा प्रसंग प्रामाणिकपणे लिहिणारा पटकथालेखक मला हवा आहे. त्याने लिहिलेले संवाद वाचायला मी बडोद्यातून कुठेही जाईन.